हजार हातांचे गणित

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी येते ती धानाच्या वासाबरोबर. हलके धान तोवर कापून झालेले असते, भारी धान बांध्यांतून पिवळे होऊन वाकलेले असते. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरायची, रात्रभर नाटके व्हायची, लेकीबाळी माहेरी यायच्या; पण या सगळ्या आनंदाखाली घरच्या कर्त्या माणसाच्या मनात एक धाकधूक असते. कापलेल्या धानाच्या कडपा दोन-चार दिवस शेतातच उन्हात वाळवाव्या लागतात. मग भारे बांधायचे, मग पुंजणे रचायचे. या दोन-चार दिवसांत आभाळ फिरले की कडपा पाण्यावर तरंगू लागतात, लोंबीतल्या दाण्याला कोंब फुटतात, आणि पाच महिन्यांची मेहनत डोळ्यांदेखत काळी पडते. तेव्हा दिवाळीतला आमच्याकडचा खरा प्रश्न असतो, "उद्या धान कापायचे की थांबायचे?"

मागे एका दिवाळीला साकोलीकडच्या आमच्या गावी गेलो होतो. पहाटेचा फराळ झाला आणि आत्याने मला अंगणात गाठले. मी आयुष्यभर गणिताचा मास्तर. तिच्या मते जगातल्या सगळ्या हिशेबांना मी जबाबदार.

"बाबू, सांग बरं, उद्या धान कापू का नोको?"

मी खिशातला फोन काढला, हवामानाचा नकाशा तिला दाखवला. तिने तो नाकाजवळ धरून पाहिला आणि विचारले, "पुण्या-दिल्लीत बसून आमच्या बांधीतलं पाणी कसं कळते रे यांना?"

मी सहज बोलून गेलो, "आत्या, ते लोक तिकडे रोवणीच करतात."

ती हसली. पण मला वाटते, बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून खरी गोष्टच निघून गेली होती. त्या दिवशी तिला जे अर्धवट सांगितले, तेच आज जरा नीट, इतिहासाच्या क्रमाने, वाचकांना सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

*

हवा कशी वागेल हे गणिताने काढता येईल, ही कल्पना काही कालपरवाची नव्हे. हवा तापली की वर जाते, दाब कमी झाला की आजूबाजूची हवा तिकडे धावते, ओल असली की ढग होतात. हे सारे पदार्थविज्ञानाचे नियम आहेत आणि नियम म्हटला की समीकरण आले. अडचण एकच. ही समीकरणे इतकी एकमेकांत गुंतलेली असतात की कागदावर सोडवून एका ओळीत उत्तर मिळत नाही. मग करायचे काय? तर आकाशाचे चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनात आत्ता दाब किती, वारा किती, उष्णता किती हे मांडायचे; आणि शेजारच्या चौकोनांकडे पाहून दहा मिनिटांनी काय होईल ते काढायचे. मग पुढची दहा मिनिटे, मग त्याच्या पुढची. खऱ्या हवेच्या शेजारी आकड्यांची एक खोटी हवा चालवायची आणि ती खरीच्या पुढे पळवायची. हिलाच आज 'सिम्युलेशन' म्हणतात. आपण 'प्रतिरूप' म्हणू.

हा प्रयोग प्रथम हाताने करून पाहिला तो लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गृहस्थाने. हा क्वेकर पंथाचा, युद्धाला विरोध करणारा. म्हणून पहिल्या महायुद्धात बंदूक न घेता फ्रान्समध्ये जखमींची गाडी हाकायला गेला. तिथे फुरसतीच्या वेळात बसून त्याने २० मे १९१० या एकाच दिवसाची मध्य युरोपातली हवा गणिताने काढायला घेतली. सहा तासांच्या हवेचे भाकीत करायला त्याला सुमारे सहा आठवडे लागले. आणि उत्तर? साफ चुकले! सहा तासांत हवेचा दाब १४५ मिलिबारने चढेल असे त्याचे गणित सांगत होते. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जागचा फारसा हललाच नव्हता. लढाईच्या धांदलीत त्याचे हस्तलिखितही हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले.

दुसरा कोणी असता तर त्याने ते बाड कोळशातच राहू दिले असते. रिचर्डसनने १९२२ साली ते पुस्तक करून छापले, चुकलेल्या उत्तरासकट. शिवाय त्यात एक स्वप्न रंगवले. एक गोल, प्रचंड नाट्यगृह आहे. त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा रंगवलेला आहे. आणि सज्जांतून ६४,००० माणसे बसून आपापल्या वाट्याच्या चौकोनाचे गणित करीत आहेत. प्रत्येकाने आपला आकडा शेजाऱ्याला दिसेल असा मांडायचा. मधोमध उंच खांबावर एक माणूस उभा. जो भाग पुढे पळेल त्याच्यावर गुलाबी झोत टाकायचा, जो मागे रेंगाळेल त्याच्यावर निळा.

वाचकहो, हे वर्णन मी प्रथम वाचले तेव्हा मला नाट्यगृह दिसलेच नाही. मला दिसली आमच्या बांधीतली रोवणी.

ज्यांनी रोवणी पाहिली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मृगात पऱ्हे टाकतात. आषाढात ते हातभर झाले की उपटून पेंढ्या बांधतात आणि चिखल केलेल्या बांधीत नेऊन टाकतात. मग वीस-पंचवीस बाया एका ओळीत वाकतात आणि मागे मागे सरकत रोवत जातात. प्रत्येकीचा पट्टा ठरलेला. कोणी कोणाचे काम करीत नाही. पण डोळ्याच्या कोपऱ्यातून प्रत्येकजण शेजारणीच्या काडीकडे पाहते, नाही तर ओळ वाकडी होईल. आणि या सगळ्यांना एका लयीत ठेवते ते गाणे. रिचर्डसनच्या खांबावरचा माणूस तो हाच. ६४,००० काय आणि पंचवीस काय, तत्त्व एकच. काम वाटून घ्यायचे, आपापले करायचे, आणि शिवेवर शेजाऱ्याशी बोलत राहायचे. आजचे संगणकशास्त्र यालाच समांतर संगणन म्हणते.

*

रिचर्डसनचे नाट्यगृह कोणी बांधले नाही. यंत्रे मात्र आली. १९५० साली अमेरिकेत एनिॲक नावाच्या खोलीभर पसरलेल्या गणकयंत्रावर चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन या तिघांनी २४ तासांच्या हवेचे भाकीत केले. त्याला लागले सुमारे २४ तासच. म्हणजे गणित संपेतो हवा आपल्या पायांनी तिथवर येऊन पोचली होती! पण उत्तर बरेच जुळले होते, आणि ते ऐकायला वृद्ध रिचर्डसन हयात होता, ही मोठी समाधानाची गोष्ट.

पुढची तीस वर्षे यंत्रे वेगवान होत गेली ती एका दिशेने. एकच गणक, पण दणकट. या पंथाचा महापुरुष म्हणजे अमेरिकेतला सेमूर क्रे. त्याची महागणकयंत्रे जगात सर्वांत वेगवान म्हणून गाजली. त्याच्या नावावर एक विनोद सांगतात. पुष्कळ छोटे गणक एकत्र जोडून काम करावे असे कोणी सुचवले, तेव्हा तो म्हणाला म्हणे की शेत नांगरायचे असेल तर तुम्ही दोन दमदार बैल घ्याल की १,०२४ कोंबड्या?

शेतकऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे मला या विनोदाचे हसूही येते आणि त्यातली उणीवही दिसते. ती पुढे सांगतो.

आपल्याकडे हवामानशास्त्राचे बिऱ्हाड जुने आहे. १८७५ साली हवामान खाते निघाले. त्याची मुख्य कचेरी १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आली. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर 'सिमला ऑफिस' म्हणत आले ते त्यामुळे. १९६२ साली पुण्यातच उष्ण प्रदेशाच्या हवामानाची संशोधनसंस्था सुरू झाली. माणसे होती, नोंदी होत्या, पावसावर पोट असलेला सारा देश उत्तराची वाट पाहत होता. नव्हते ते तोलामोलाचे यंत्र. १९८० नंतरच्या दशकात भारताने अमेरिकेकडे क्रे यंत्र मागितले. अशा यंत्रावर हवेचे गणित होते तसे अस्त्रांचेही होते, म्हणून तिकडून पुष्कळ आढेवेढे घेण्यात आले. अखेर १९८९ साली दिल्लीला एक क्रे एक्स-एमपी आले, ते मागितले त्याहून लहान, एकाच प्रोसेसरचे, आणि हवामानाच्या कामापुरते.

मागून मिळालेल्या भाकरीला चव असते, पण ती मोजून मिळते. या अनुभवातूनच १९८८ च्या मार्चमध्ये पुण्याला प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे 'सी-डॅक', स्थापन झाले. तीन वर्षांत देशी महासंगणक उभा करायचा हे त्याचे पहिले काम. योगायोग असा की त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आमच्या जिल्ह्यात, पवनी तालुक्यात, गोसीखुर्द धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली. एकाच वसंतात एक काम नदीला बांध घालण्याचे आणि दुसरे आकाशाचे गणित बांधण्याचे. दोन्ही कामांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाला वाटले नसेल.

सी-डॅकची सूत्रे सोपवली गेली ती विजय भटकर यांच्याकडे. हा वऱ्हाडातला माणूस. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा या गावी १९४६ साली जन्मलेला, नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून १९६५ साली इंजिनिअर झालेला, पुढे बडोदे आणि दिल्ली येथे शिकून डॉक्टर झालेला. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. क्रेसारखा एक बैल घडवावा, तर ती विद्या, ते कारखाने आपल्याकडे नव्हते. दुसरी वाट कोंबड्यांची. सी-डॅकने दुसरी धरली.

त्या वेळी इंग्लंडात 'ट्रान्सप्युटर' नावाची एक चिप बाजारात मिळत असे. बोटांत मावेल एवढा चौकोन. त्यात एक छोटा गणक, थोडी स्मरणशक्ती, आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. चारच! मला हा आकडा कळला तेव्हा मी चकित झालो. आमच्या बांधीलाही चारच धुरे असतात. धुऱ्याला फोड पाडली की या बांधीतले पाणी त्या बांधीत जाते. दुव्यावरून संदेश पाठवला की या चिपेतला आकडा त्या चिपेत जातो. असे ६४ ट्रान्सप्युटर एकत्र बांधून १९९१ साली पुण्यात 'परम ८०००' उभा राहिला. 'परम' हा आपला संस्कृत शब्द आणि 'पॅरलल मशीन' या इंग्रजी शब्दांचे आद्याक्षरी रूपही. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी.

पुण्यात हे चालू असताना आणखीही काही ठिकाणी लोक हीच वाट तुडवीत होते. बंगळूरच्या विमानविद्येच्या प्रयोगशाळेत 'फ्लोसॉल्व्हर' त्याआधीच, १९८६ मध्ये, सुरू झाला होता. मुंबईला भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुपम' तयार झाला. पुढे या देशी यंत्रांवर हवामानाचे गणित वाटून चालवण्याचे प्रयोगही झाले. एका क्रेच्या नकारातून देशात निरनिराळ्या बांध्यांत एकाच हंगामात रोवणी झाली, असेच म्हणायचे.

*

आता बैल आणि कोंबड्यांच्या विनोदाकडे वळू.

नांगरट बैलानेच करावी, याबद्दल वाद नाही. एक फाळ, एक रेघ. तिथे हजार जणांची गर्दी कामाची नाही. पण रोवणी? रोवणी बैलाने होत नाही. जगातला सर्वांत दमदार बैल आणला तरी तो एक काडी रोवू शकणार नाही. ज्या कामाचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला फक्त शेजारच्या तुकड्याशी मतलब असतो, ते काम अनेक हातांचे. आणि निसर्गातली बरीचशी कामे अशी असतात. भंडाऱ्याच्या आकाशातल्या वाऱ्याला पुढच्या क्षणी काय करायचे ते शेजारच्या आकाशाकडून कळते. कोकणातल्या आकाशाला थेट विचारायला तो जात नाही. निसर्ग स्वतःच समांतर आहे. क्रेचा विनोद नांगराला धरून होता. हवेचे गणित ही रोवणी होती.

मात्र अनेक हात म्हणजे आपोआप वेग, असा कोणी समज करून घेऊ नये. पंचवीस बाया बांधीत उतरल्या आणि पऱ्ह्यांच्या पेंढ्याच वेळेवर आल्या नाहीत, तर पंचवीसच्या पंचवीस धुऱ्यावर बसून राहतात; आणखी पंचवीस बोलावल्या तर बसणाऱ्या पन्नास होतात. अमेरिकेतल्या जीन अम्डाल या संगणकशास्त्रज्ञाने १९६७ साली हेच गणिताने दाखवले. कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी साऱ्यांचा वेग ठरवतो. दहातला एक भाग जरी एकट्याने करायचा राहिला, तरी लाख हात लावून काम दहा पटींहून अधिक वेगाने होणार नाही. म्हणून समांतर संगणन करणाऱ्याची खरी कसोटी यंत्रे जोडण्यात नाही. काम कसे वाटावे, कोणी कोणाशी किती बोलावे, कोणाला कोणासाठी थांबावे लागू नये, हे ठरवण्यात आहे. हे शहाणपण रोवणीच्या ओळीतल्या म्हातारीकडे असते; फक्त तिला त्याबद्दल कोणी डॉक्टरेट देत नाही.

दुसरी अडचण उत्तराची. यंत्र उत्तर देते ते कोट्यवधी आकड्यांत. ते आकडे छापून काढले तर वाचता वाचता पावसाळा संपेल. माणसाचा डोळा आकड्यांना भिडत नाही, चित्राला भिडतो. म्हणून प्रतिरूपाच्या शास्त्राबरोबर चित्राचे शास्त्र, म्हणजे ग्राफिक्स, हातात हात घालून वाढले. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या 'टिफ्रॅक' या आपल्या आरंभीच्या गणकयंत्रालाही आलेख आणि अक्षरे दाखवणारा पडदा जोडलेला होता. ते यंत्र घडवणाऱ्या मंडळींचे प्रमुख आर. नरसिंहन १९६१ ते १९६४ या काळात अमेरिकेत इलिनॉयला होते. अणूंच्या कणांची छायाचित्रे यंत्राने वाचावीत म्हणून तिथे त्यांनी एका यंत्राची कल्पना मांडली. चित्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनावर एक छोटा गणक बसवायचा, ३२ ओळींत ३२ गणक. म्हणजे चित्रसुद्धा अखेर बांध्यांचे शिवारच! पुढे मुलांच्या व्हिडिओ खेळांसाठी पडद्यावरचे लाखो ठिपके एकाच वेळी रंगवणाऱ्या चिपा निघाल्या, आणि शास्त्रज्ञांच्या लक्षात आले की ठिपके रंगवणारे हे हजारो हात गणितालाही जुंपता येतात. आज मोठमोठ्या महासंगणकांत याच चित्रे काढणाऱ्या चिपा राबतात.

चित्राची आणखी एक गोष्ट आपल्या मराठी वाचकाच्या अगदी जवळची. ज्या सी-डॅकमध्ये परम घडला, तिथेच देवनागरी अक्षर संगणकाच्या पडद्यावर आणण्याचे कामही झाले. 'जिस्ट' या तंत्राचा आरंभ कानपूरच्या आयआयटीत झाला होता; मोहन तांबे यांच्याबरोबर ते काम पुण्यात आले. त्या नावातही 'ग्राफिक्स' हा शब्द आहे. आपली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनाच्या मागून येते आणि कागदावर पुढे बसते. जोडाक्षरे एकमेकांच्या खांद्यावर चढतात. अक्षर म्हणजे चित्रच, आणि ते रचायला यंत्राला थोडी अक्कल लागते. पावसाचे भाकीत कितीही अचूक असले तरी आत्याला वाचता येईल अशा अक्षरांत ते आले नाही, तर त्याचा उपयोग काय?

*

परमच्या पुढच्या पिढ्या येत गेल्या. १९९८ साली 'परम १००००' झाला. सेकंदाला एक लाख कोटी गणिते करणारा 'परम पद्म' २००३ साली जगातल्या पहिल्या पाचशे यंत्रांच्या यादीत बसला. २००७ साली पुण्यातच टाटांच्या प्रयोगशाळेने उभारलेला 'एका' त्या यादीत चौथा आला. पण या कथेतला मला सर्वांत गमतीचा प्रसंग २०१८ सालचा. त्या वर्षी पुण्याच्या हवामान संशोधनसंस्थेत 'प्रत्यूष' नावाचा महासंगणक आला, सेकंदाला ४,००० लाख कोटी गणिते करणारा. तो कोणाच्या घडणीचा? क्रेच्या! सेमूर क्रे १९९६ सालीच वारला होता. पण त्याच्या नावाची जी कंपनी एकेकाळी बैलांसाठी प्रसिद्ध होती, तिने २०१८ साली पुण्याला धाडलेले यंत्र हजारो प्रोसेसर एकत्र बांधलेले होते. बैलाने मुकाट्याने कोंबड्यांचे खुराडे उघडले होते. नकार देणारे काळाच्या ओघात त्याच वाटेला लागले जी नकार मिळालेल्यांनी नाइलाजाने धरली होती.

२०२४ च्या सप्टेंबरात पुण्याला 'अर्क' हा त्याहून मोठा महासंगणक सुरू झाला; आणि २०२५ च्या मे महिन्यात 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे पुण्यात तयार झालेले प्रतिरूप हवामान खात्याच्या कामाला लागले. त्याचे चौकोन सहा किलोमीटरांचे. आधीचे बारा किलोमीटरांचे होते. या दोन आकड्यांतला फरक आमच्या जिल्ह्यापुरता मांडून पाहा. १९९९ साली गोंदिया वेगळा झाल्यावर भंडारा जिल्हा उरला सुमारे चार हजार चौरस किलोमीटरांचा. बारा किलोमीटरांच्या चौकोनांनी तो झाकायला अठ्ठावीसेक चौकोन पुरतात. सहाच्या चौकोनांना एकशे दहाच्या वर लागतात. चौकोन चौपट झाले. शिवाय चौकोन लहान झाला की काळाचे पाऊलही निम्मे टाकावे लागते, म्हणून काम झाले आठपट. साकोली, लाखनी, पवनी, तुमसर यांचे आकाश वेगवेगळे दिसावे म्हणून पुण्यात हे आठपट गणित करावे लागते.

शेजारच्या चौकोनाकडे का पाहायचे, हे मात्र आम्हाला वैनगंगेने शिकवले. २०२० च्या ऑगस्टअखेरीस भंडारा शहरात पाणी शिरले ते केवळ भंडाऱ्याच्या पावसाचे नव्हते. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात. तिकडे धो धो पाऊस झाला, वरच्या संजय सरोवरातून पाणी सुटले, आणि ते खाली आमच्या दारात आले. गोसीखुर्दची तेहेतीसही दारे उघडावी लागली. आपल्या बांधीवरचे आभाळ कोरडे असले तरी वरच्या बांधीची फोड उघडली की आपले धान बुडते, हे आमच्या मालगुजारी तलावांखालच्या शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. एकट्या चौकोनाचे भाकीत नसते. १९८८ च्या वसंतातली ती दोन कामे, धरणाचे आणि यंत्राचे, त्या पुरात माझ्या मनात प्रथम एकत्र आली. धरणाची दारे किती आणि केव्हा उघडायची, हा प्रश्नही अखेर वरच्या आकाशाच्या गणिताचाच आहे.

*

आता राहिली एक कबुली.

त्या दिवाळीच्या आदल्या वर्षीही आत्याने मला हाच प्रश्न विचारला होता. मी भाकीत पाहिले. त्यात लिहिले होते, 'तुरळक ठिकाणी हलका पाऊस'. मी तिला ठासून सांगितले, "पाणी नाही, काप." तिने कापले. तिसऱ्या दिवशी पाणी आले, आणि अर्ध्या बांधीच्या कडपा भिजल्या. मी हवामानवाल्यांच्या नावाने खूप बोटे मोडली. मागाहून शांतपणे पाहिले तेव्हा कळले की चूक त्यांची नव्हतीच. हवामानाच्या भाषेत 'तुरळक ठिकाणी' म्हणजे 'कुठेच नाही' असा अर्थ नाही. प्रदेशातल्या चारांत एखाद्या ठिकाणापर्यंत पाऊस पडू शकतो, असा आहे. आमची बांधी त्या एखाद्यांत होती. गणिताच्या मास्तराने संभाव्यतेचे वाक्य होकार-नकाराचे समजून वाचले होते.

यंत्र होय-नाही का सांगत नाही, यालाही इतिहास आहे. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या छोट्या प्रतिरूपात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला, आणि थोड्या वेळाने हवा पार निराळीच निघाली. आरंभीच्या केसाएवढ्या फरकाने पुढे डोंगराएवढा फरक पडतो. म्हणून आता एकच भाकीत करून भागत नाही. २०१८ मध्ये पुण्याच्या प्रत्यूषवर आरंभीचे आकडे किंचित इकडेतिकडे करून एकवीस प्रतिरूपे चालवण्याची पद्धत सुरू झाली. एकविसांपैकी किती ठिकाणी पाऊस पडला, यावरून शक्यता सांगायची. म्हणजे इथेही हात अनेक. एकाच शहाण्याला विचारण्यापेक्षा एकवीस पंचांना विचारावे आणि त्यांच्यात एकमत किती ते पाहावे.

तर त्या दिवाळीला आत्याच्या प्रश्नाला मी जपून उत्तर दिले. म्हटले, "आत्या, उद्या-परवा कोरडे दिसते. त्यापुढे शंभरातले तीस-चाळीस पाणी समज."

ती थोडा वेळ उंबरठ्यावरच्या पणतीकडे पाहत बसली. मग म्हणाली, "मंग दोन दिवसांत बांधून पुंजण्यात घालता येईन एवढंच कापतो. बाकीचं उभंच राहू दे. उभं धान पाणी सोसते."

मी गप्पच झालो. रिचर्डसनच्या कोळशातल्या बाडापासून पुण्याच्या अर्कापर्यंत शंभर वर्षे जी खटपट चालली, ती अखेर एवढ्या एका वाक्यासाठी होती. यंत्राने शक्यता सांगायची. निवाडा तिने करायचा. तिने कामाचे दोन वाटे केले, जोखमीचेही दोन वाटे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-दहा बाया इळे घेऊन बांधीत उतरल्या. ओळीने वाकल्या. मी धुऱ्यावर उभा राहून पाहत होतो. कोणी कोणाचा पट्टा घेत नव्हते, आणि प्रत्येकीचे डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारणीकडे लक्ष होते.